पहिला हात मालकाचा

जळगावच्या कॉम्प्युटर मार्केटात एक प्रथा आहे. नवीन मशीन जोडून घेतलं, की त्यातला प्रोसेसर ज्याचं मशीन त्यानेच आपल्या हाताने बसवायचा, वरची दांडी दाबायची आणि हात जोडायचे. एका दुकानातून ती निघाली आणि शेजारच्या दोन दुकानांनीही उचलली. एकाने तर रंगवून पाटी लावली, ‘पहिला हात मालकाचा’. डॉक्टर आले, बिल्डर आले, एक रिटायर फौजदार आले, सगळ्यांनी चपला काढून प्रोसेसर बसवले.

ही प्रथा किती जुनी, तर सहा महिने. ती झुलालने काढली, दिवाळीनंतरच्या एका सोमवारी, उभ्या उभ्या, घाम पुसता पुसता.

झुलाल मूळचा धुळ्याकडचा. अभयकुमार शेठच्या दुकानात बावीस वर्षं मशीन जोडत होता. माणूस महाबिलंदर. नवीन लागलेल्या सेल्समनला त्याने एकदा वाय-फायची तार आणायला पाठवलं होतं, आणि तो बिचारा दोन तासांनी कुठून तरी पाच मीटर घेऊनसुद्धा आला होता. पण कामाला बसला की वेगळा. प्रोसेसरखालच्या सॉकेटात केसापेक्षा बारीक हजारभर पिना असतात. एक वाकली की बोर्ड भंगारात, आणि वॉरंटीवाला हात वर करतो. बावीस वर्षांत झुलालने एक पिन वाकवली नव्हती.

त्या सोमवारी चिमटीत प्रोसेसर होता, समोर गिऱ्हाईक होतं, आणि उजवा हात थरथरायला लागला. खिशात फोन वाजावा तसा. थांबेचना. झुलालने हात मागे घेतला आणि तोंडातून निघून गेलं, “साहेब, हा मान मालकाचा असतो.” साहेबांनी लगेच घड्याळ काढून ठेवलं.

तेव्हापासून असंच चाललं होतं. चहाचा कप तो डाव्या हाताने घ्यायचा. बायकोला, कमलबाईला, तेवढं माहीत होतं. ती रोज डबा देताना म्हणायची, “शेठले सांगी टाका.” तो रोज मान हलवायचा. सांगून काय होतं ते त्याने पाहिलं होतं. प्रिंटरवाल्याची नजर अधू झाली तेव्हा शेठने त्याला काढलं नाही, गोडाऊनला बसवलं. तिथे तो दिवसभर रिकामी खोकी मोजायचा, आणि दुकानात त्याचं नाव निघायचं बंद झालं. झुलालला काढून टाकण्याची भीती नव्हती. त्याला त्या खोक्यांची भीती होती.

अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी शेठ दुकानात नव्हते. त्यांच्या आईचा, लाडकुंवरबाईंचा, वर्षीतप पुरा झाला होता. वर्षभर एक दिवसाआड उपास केलेली म्हातारी आज उसाच्या रसाने पारणं सोडणार होती. सगळं घर तिकडे. दुकान झुलालच्या भरवशावर. बाहेर ऊन असं, की रिक्षावाले हँडल फडक्याने धरत होते.

अकराच्या सुमाराला हेमांगी आली, सोबत तिचे वडील, चुडामण आबा. आबा नशिराबादचे. हायवेलगत काचेची पेटी मांडून त्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली आणि त्यात डोळे घालवले. चष्म्याची भिंगं जाड, तरी वेळ लेकीला विचारावी लागे. हेमांगी धुळ्याला दिलेली, अखजीला माहेरी आलेली. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओली मेंदी. हात पुढे धरून, लाटण्यासारखे ताठ ठेवून तिने काचेचं दार खांद्याने ढकललं आणि दुकानात शिरली.

झुलालने आधी मेंदी पाहिली. मग पुढचं सगळं ऐकलं.

ती दागिन्यांची डिझाइनं करायची, कॉम्प्युटरवर. जळगावचे सराफ तिला काम द्यायचे. हार कसा दिसेल ते खऱ्यासारखं चित्र करून गिऱ्हाइकाला दाखवायचे. जुन्या मशीनवर एका हाराला बारा-बारा तास लागत. तिला सोळा कोअरचा प्रोसेसर हवा होता, त्यातही तो जास्त कॅशवाला, म्हणजे आतच जास्त मेमरी असलेला, जो काम ओढतो आणि गेमही नीट चालवतो. नाव, नंबर, बोर्ड, सगळं तिने वाचून ठेवलं होतं. दुकानात तसा एकच डबा होता, बोर्डही एकच. दुसरा यायला दहा दिवस, आणि ती संध्याकाळच्या गाडीने धुळ्याला परत जाणार होती.

मशीनच्या मालकिणीच्या हाताला मेंदी. आबांना दिसत नाही. सेल्समन सणाला गावी. झुलालचा उजवा हात काउंटरखाली गुडघ्यावर नाचत होता.

मग तो बोलायला लागला, आणि बोलण्यात त्याला कोण धरणार? ताई, सोळा कोअर म्हणजे चूल. पुण्यात चालतो, तिथे हवा आहे. आपल्याकडे पारा शेहेचाळीसला जातो. तापला की तो स्वतःच वेग पाडतो, म्हणजे मोठ्याचे पैसे देऊन धाकट्याचं काम. त्यापेक्षा तो शोकेसमधला बघा. आठ कोअर, गेमला एक नंबर, माझ्या हाताने जोडलेला, वर्षभर चालतोय. आत्ता उचला आणि जा.

त्यातलं निम्मं खरं होतं. म्हणूनच पटलं.

हेमांगीने शोकेससमोर उभं राहून विचारलं, यावर हार किती वेळात निघेल? झुलालने सहा तास सांगितले. तिने मनात हिशेब केला. संध्याकाळी लावला की मध्यरात्रीपर्यंत मशीन अडकलेलं.

“चालेल,” ती म्हणाली. “मग खेळ बंद करते. काम काही सोडता येत नाही.”

खेळाचं काय एवढं, असं झुलालने हसत विचारलं. तिने साधेपणाने सांगितलं. नवरा, प्रेमराज, सुरतला कामाला. दोन महिन्यांतून एकदा येतो. रोज नऊ ते दहा दोघं एक ट्रकचा गेम खेळतात. तो तिकडून गाडी चालवतो, ती इकडून बाजूला बसते आणि रस्ता सांगते. फोनवर दोन मिनिटांत बोलणं संपतं. जेवलीस का, जेवले, बस. गाडीत बसलं की तो बोलतो. मागच्या महिन्यात नोकरीचं काही बिनसलेलं, ते त्याने गेममधल्या एका पुलावर सांगितलं, समोर बघत.

“सांगेन त्याला,” ती म्हणाली. “समजूतदार आहे.”

आबांनी बोटांनी चष्मा वर केला.

झुलालने आयुष्यात पुष्कळांना उल्लू बनवलं होतं, पण प्रत्येक वेळी नंतर ते गिऱ्हाईकही हसलं होतं. ही पोरगी हसली नसती. हिला कधी कळलंसुद्धा नसतं. धुळ्याला जाऊन ती नऊ वाजता हार निघायची वाट बघत बसली असती आणि उन्हाळ्याला दोष देत राहिली असती.

तो उठला, आतून सोळावाल्याचा डबा आणला आणि काउंटरवर ठेवला.

“ताई, उन्हाचं मी तुम्हाला वाढवून सांगितलं. मोठा कूलर लावू आणि त्याची वीज थोडी बांधून देऊ. वेग जरासा उतरेल, तुम्हाला कळणारसुद्धा नाही. तापणार नाही. हार तीन तासांत निघेल, नऊला मशीन मोकळं. तुम्ही म्हणत होता तोच बरोबर आहे.”

“मग तो दुसरा कशाला गळ्यात मारत होतात?” आबांनी विचारलं.

झुलालने डाव्या हाताने डबा जरा सरळ केला. हेमांगीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे, आणि तिला वाटलं आपल्याला कळलं.

“त्या प्रथेमुळे का? स्वतःच्या हाताने बसवायचा असतो, ते माहितीय मला. थांबा, मी मेंदी धुऊन येते. फिकी राहिली तर राहिली.”

ती मागच्या नळाकडे वळलीसुद्धा.

“धुऊ नका.” झुलालने उजवा हात काउंटरखालून काढला आणि काचेवर ठेवला. बोटं काचेवर टकटक करत राहिली. “प्रथा-बिथा काही नाही. मीच काढली. आबा, मना हात हालस.”

घरची बोली तोंडात कशी आली ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

आबांनी हात पुढे केला, चाचपडत, आणि ती बोटं आपल्या मुठीत धरली. घड्याळ कानाला लावावं तसे थोडा वेळ थांबले.

“केव्हापासून?”

“दिवाळीपासून.”

“डॉक्टर?”

“नही.”

“माझे डोळे असेच गेले,” आबा म्हणाले. “तीन वर्षं कुणाला बोललो नाही. बोटांच्या अंदाजावर घड्याळं उघडायचो. एकाची आजोबांची आठवण बिघडवून ठेवली, तेव्हा पेटी बंद केली.” मग त्यांनी बाह्या वर केल्या. “हात अजून शाबूत आहेत. तू बघ, मी बसवतो.”

झुलालने बोर्ड टेबलावर घेतला, दिवा ओढला. आबांच्या चिमटीत प्रोसेसर दिला, कडा धरून. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण डाव्या अंगाला आहे, सांगितलं. जरा पुढे. अजून गव्हाच्या दाण्याएवढं. डावीकडे केसभर. थांबा. आता सरळ खाली, दाबायचं नाही, नुसतं सोडायचं. बावीस वर्षं जे बोटांना ठाऊक होतं ते पहिल्यांदा तोंडाने सांगावं लागत होतं, आणि त्याला शब्द शोधावे लागत होते. हेमांगी मेंदीचे हात पाठीमागे धरून उभी होती. म्हाताऱ्याचा हात दगडासारखा स्थिर होता.

प्रोसेसर बसला. आवाजही झाला नाही.

झुलालने मान वर केली, तर दारात अभयकुमार शेठ. एका हातात रसाची बरणी, दुसऱ्यात ग्लासांची चळत. केव्हापासून उभे होते कोण जाणे.

शेठ आत आले, बरणी ठेवली.

“गुढीपाडव्याला माझ्या ऑफिसचं मशीन मला बसवायला लावलंस.”

“हो शेठ.”

“चपला काढायला लावल्या.”

“हो.”

“मी नमस्कार केला होता त्याला.”

“दोनदा,” झुलाल म्हणाला.

कुणी हसलं नाही. शेठ खुर्चीवर टेकले. मला का नाही सांगितलंस, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. झुलालने गोडाऊनच्या दिशेला पाहिलं. शेठनेही तिकडे पाहिलं आणि बराच वेळ तिकडेच पाहत राहिले.

मग त्यांनी ग्लास भरले. आईच्या पारण्याचा रस, घ्या म्हणाले. आबांना दिला, हेमांगीला स्वतः दोन घोट पाजले. झुलालपुढे ग्लास धरला. त्याचा डावा हात सवयीने पुढे आला. त्याने तो मागे घेतला आणि उजवा पुढे केला. ग्लास हेलकावला, रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, काउंटरवर सांडला. झुलालने हात लपवला नाही, रस पुसलाही नाही.

“उद्या डॉक्टरकडे जाऊ,” शेठ म्हणाले. “मी येतो सोबत. परवापासून तुझ्यासमोर कुणाला तरी बसवतो, हात त्याचे. आत्ता जसं सांगितलंस, तसं सांग.”

शेठने झुलालच्या हातातला ग्लास घेतला आणि पुन्हा भरला, पण या वेळी अर्धाच.

झुलालने तो उजव्या हातात घेतला. हात हालत होता. रस आतल्या आत हिंदकळत राहिला, आणि त्याने सावकाश, न सांडता, पिऊन टाकला.