अंबाडीच्या दोराचा पीळ

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. वडनेर भोलजीहून आत वळणाऱ्या कच्च्या रस्त्यानं तुम्ही चालला आहात, असं समजा. दोन्ही बाजूंना कपाशी, पुढे नाला, नाल्यापलीकडे एक लहानसं गाव. गावच्या शाळेच्या भिंतीला टेकून बाभळीचा एक काळा ओंडका पडलेला आहे. मधल्या सुट्टीत मुलं त्यावर ओळीनं बसून डबे खातात. आता मान वर करा. भिंतीतल्या खुंटीला वेटोळं करून टांगलेला, एका जागी थोडा विरलेला, तो मी.

मी एक जुना दोर आहे. अंबाडीचा, तीन पेडांचा, तुमच्या मनगटाएवढा जाड. माझ्या अंगाला अजून चिखलाचा वास येतो आणि मनातला राग अजून पुरता गेलेला नाही. मोठी माणसं सांगतात, राग विसरावा. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हेही त्यांनीच सांगून ठेवलं आहे, आणि मी तर सुंभाच्याच जातीचा.

माझा जन्म त्या नाल्यातच झाला. खालच्या आळीतल्या पुंजाजींच्या वडिलांनी धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, अंबाडी कापली आणि तिच्या पेंढ्या नाल्याच्या डोहात दगडांखाली दाबून ठेवल्या. पाण्यानं हळूहळू साल कुजवली, मऊ केली, आणि आतून पांढरे, चिवट धागे सुटले. ते वाळवून मारुतीच्या पारासमोर साऱ्या गावानं मिळून मला वळलं. वळणाऱ्यांत खालच्या आळीचे होते, वरच्या आळीचेही होते. म्हणून मी कुणा एकाचा नव्हतो. आणि नाल्याला मी आई मानत आलो.

पुढे मी खूप राबलो. विहिरीत पडलेली म्हैस वर काढली. काळ्या मातीत आसापर्यंत रुतलेल्या गाड्या ओढल्या. नागपंचमीला चिंचेच्या फांदीवर झोका झालो. पण माझा खरा मान पोळ्याचा. त्या दिवशी मला हळद लावून, आंब्याची पानं खोचून वेशीवर आडवं बांधत. तेच तोरण. गावातले सगळे बैल माझ्याखाली शिंगं रंगवून उभे राहत. मित्रांनो, तेव्हा माझी छाती भरून येई.

मागच्या पोळ्याला हिंमतरावांनी शहरातून नायलॉनचा नवा दोर आणला. निळा, चकचकीत, त्याला दिव्यांची माळ गुंडाळलेली. हिंमतराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी. नाल्याच्या वळणाला लागून त्यांचं लांबलचक वावर आहे. मला बोटानं उचलून ते म्हणाले, "हे काय बे? मढ्याले बांधाचा दोर! फेका तिकडे."

लोक हसले. मी उकिरड्यावर पडलो.

तिथून मला उचललं ते पुंजाजींच्या नातीनं, प्रतीक्षानं. पाचवीतली पोर. "आबा, याले आपल्या घरी नेऊ का?" तिनं विचारलं. पुंजाजी म्हणाले, "ने बाई. माह्या बापाच्या हातचा हाय." त्यांच्या घरी गोठ्यात मी टांगला गेलो, आणि माझ्याखाली बांधलेला असे चंद्या. कपाळावर पांढरा ठिपका असलेला गोऱ्हा. प्रतीक्षा त्याच्या कानात रोज सांगायची, "अवंदाच्या पोळ्याले तू तोरणाखाली उभा राहाशीन, हं." मी वरून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, पोरी, तोरण तेवढं माझं असू दे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात हिंमतरावांनी नाला दाबला. वळणावर बाभळीचा मोठा ओंडका आडवा घातला, त्याच्या आधारानं दगड रचले, वर मुरूम टाकला, आणि नाल्याच्या जुन्या पात्रात कपाशी पेरली. पुंजाजी त्यांना सांगायला गेले. "हिंमतराव, पाणी आपली वाट इसरत नाही. ते आमच्या आळीत येईन."

"पाण्याले मी समजावून सांगतो," हिंमतराव हसत म्हणाले. "तुम्ही चहा घ्या."

श्रावणात एका सकाळी ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. वळणावर वाट अडलेली पाहून माझी आई तोंड फिरवून खालच्या आळीत शिरली. बघता बघता उंबरे बुडाले, चुली विझल्या, भांडी तरंगू लागली. पुंजाजींनी मला खुंटीवरून ओढलं, एक टोक घराच्या खांबाला आणि दुसरं उंचवट्यावरच्या चिंचेला बांधलं. सारी आळी मला धरून पलीकडे गेली. म्हाताऱ्या गेल्या, लेकुरवाळ्या गेल्या, डोक्यावर कोंबड्यांची डालगी घेतलेली माणसं गेली. शेवटी पुंजाजी चंद्याचं दावं सोडायला वळले. गोठ्यात पाणी गव्हाणीच्या वर चढलं होतं. ओल्या दाव्याची गाठ सुटेना. मग भिंतच बसली. पुंजाजींना लोकांनी ओढून काढलं. चंद्याला कुणी काढू शकलं नाही.

प्रतीक्षा चिंचेखाली उभी होती. ती रडली नाही. तिनं फक्त वळणाकडे पाहिलं. त्या क्षणी तिच्या मनात जो पीळ बसला, तो मला ओळखू आला.

दुपारी कुणीतरी ओरडलं. हिंमतराव वावरातल्या आपल्या शेडवर अडकले होते. बैल सोडायला गेले, तोवर पाणी शेडच्या दोन्ही बाजूंनी फिरलं. पत्र्यावर बसून ते दुपट्टा हलवत होते.

"राहू द्या त्याले तथीच," कुणीतरी बोललं. "पाण्याले समजावून सांगून राह्यला असंन."

कुणी हसलं नाही, पण कुणी हललंही नाही. शेवटी वरच्या आळीच्या अन्नपूर्णाबाई कडाडल्या, "पाहून काय राह्यले? माणूस हाय तो. भांडाले तरी जिता पाह्यजे!"

आधी हिंमतरावांचाच निळा दोर आणला. ओला झाल्यावर त्याची गाठ सरकायची, पुन्हा बांधली की पुन्हा सरकायची. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "उकिरड्यावरचा आणा रे तो!" माझी गाठ पाण्यानं फुगून आणखी घट्ट बसते. हर्षल नावाचा पट्टीचा पोहणारा पोरगा मला कमरेला बांधून पोहत गेला आणि शेडच्या खांबाला बांधून आला. मग हिंमतरावांनी मला धरलं. ज्या हातानं फेकलं होतं, त्याच हातानं.

मित्रांनो, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मला तुटायचं होतं. मधोमध, जिथं धार सर्वांत जोराची, तिथं माझा एक पेड विरलेला होता. तेवढा सोडला की झालं. कुणी मला दोषही दिला नसता. जुना दोर, लोक म्हणाले असते.

तेवढ्यात चिंचेजवळ कुणीतरी माझ्यावर गाल टेकला. प्रतीक्षा होती. दात आवळून ती पुटपुटली, "आता तुटजो नोको. असा नाही जाऊ द्याचा मले त्याले. त्यानं काय केलं, ते त्यानं पाह्यलं पाह्यजे."

मी टिकलो. दयेनं नाही, रागानं टिकलो. हिंमतराव काठावर आले आणि चिखलात बसून ओकले.

रात्री सगळी आळी शाळेत झोपली. सकाळी वरच्या आळीतल्या प्रत्येक घरातून भाकरी आल्या. बायांनी मोठ्या गंजात पिठलं घाटलं. भिजलेली ज्वारी मारुतीच्या मंडपात पसरली आणि साऱ्या गावच्या म्हाताऱ्या तिच्याभोवती निवडायला बसल्या. वडनेरहून ट्रॅक्टर आला, पण रस्ता वाहून गेलेला. मग पलीकडून लोकांनी पिठाच्या गोण्या, चादरी, लहान मुलांचे कपडे मला बांधले आणि अलीकडून आम्ही ओढून घेतले. न सांगता पोरं खालच्या आळीत फावडी घेऊन गाळ उपसायला गेली. त्या दिवशी माझ्या अंगाला सगळ्या गावाचे हात लागले. मला वळताना लागले होते तसेच.

हिंमतरावही पंगतीला बसले. अन्नपूर्णाबाईंनी त्यांच्या ताटात पिठलं वाढलं. "घ्या, हिंमतराव. मीठ कमी लागंन. खालच्या आळीचं मीठ वाहून गेलं."

हिंमतरावांनी मान खाली घातली. पण वळणावरचा ओंडका काढायची गोष्ट निघाली, तशी ती मान पुन्हा वर आली. "तो काढला तर माही सारी कपाशी जाईन ना!"

"मंग खालच्या आळीचं काय राह्यलं?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

सातपुड्याच्या बाजूला आभाळ पुन्हा काळं होत होतं. मशीन येण्यासारखा रस्ता नव्हता. पाऊस येण्याआधी वाट मोकळी झाली नाही, तर उपसलेली घरं पुन्हा भरणार होती. सारं गाव वळणावर गेलं. हर्षलनं माझं एक टोक ओंडक्याला आवळलं. दुसरं टोक उचलायला माणसं पुढे झाली, तशी प्रतीक्षा आडवी आली.

"कोणी हात लावू नोका," ती म्हणाली. "ज्यानं घातला, त्यानंच काढाचा."

तिनं माझं टोक उचललं आणि हिंमतरावांच्या हातात दिलं. "ओढा, काका."

"अव पोरी, एकट्यानं कसा निंघन तो?"

"घातला तवा कोणाले इचारलं होतं का?"

कुणी तिला गप्प केलं नाही. हिंमतरावांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला ओढलं. ओंडका हलला नाही. पुन्हा ओढलं. पाय घसरले, ते गुडघ्यांवर पडले, उठले, पुन्हा ओढू लागले. मी त्यांच्या तळव्यांची सालटी काढली. सावकाश, नीट काढली. मला गोड वाटलं, मित्रांनो. हे तुम्ही माझ्याकडून शिकू नका. पण एवढं जरूर शिका: नाल्याची वाट अडवू नका, कारण अडवतो एक आणि बुडतात दुसरे. आणि जुनी वस्तू फेकण्याआधी तिच्यावर किती हातांचे वळ आहेत, ते एकदा पाहा.

हिंमतराव चिखलात बसले. धाप लागलेली, डोळ्यांत पाणी. "चुकलं माहं," ते म्हणाले. "चुकलं, बाई."

पावसाचे टपोरे थेंब सुरू झाले. खालच्या आळीतल्या नुकत्याच उपसलेल्या घरांकडे सगळ्यांनी एकदा पाहिलं, आणि मग प्रतीक्षाकडे. तिनं सांगितल्याशिवाय एकही हात पुढे येत नव्हता. तिनं हिंमतरावांच्या सोललेल्या तळव्यांकडे पाहिलं.

"चंद्याच्या नावानं ओढून राह्यली मी," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही."

आणि तिनं ओढणी कमरेला खोचली, तळहातांना चिखल चोळला, हिंमतरावांच्या पुढे जाऊन मला दोन्ही हातांनी धरलं, आणि मागे न पाहता साऱ्या गावाला हाक दिली. ओंडका निघाला की नाही, ते तुम्ही शाळेच्या भिंतीशी पाहिलंच आहे.