सावद्याची वाट

नाजमीनला धुळ्याहून जळगावच्या ऑफिसात आणलं ते चेलनानंच. क्लाउडवरचं नेटवर्क कसं उभं राहतं, फायरवॉल कुणाला आत सोडते, कुणाला अडवते, हे तिनंच तिला शेजारी बसवून शिकवलं. पोरगी भराभर तयार झाली. मग मालक अभयभाऊ चेलनाच्या टेबलावरून पुढे जाऊन थेट नाजमीनला कामं सांगू लागले. चेलना हसून बघायची आणि आतून जळायची.

वैशाखात नवी फायरवॉल बसली आणि जुनी काढायचं काम नाजमीनकडे आलं. तिनं कोड जपून लिहिला. जुनीतून कुणाची ये-जा चालू आहे का ते आधी बघायचं, एक जरी सापडली तरी तिथंच थांबायचं. काहीच नसेल तरच चुकून डिलीट होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप काढायचं आणि मग फायरवॉल डिलीट करायची. तिनं तपासून पाहिलं. ये-जा दिसली नाही.

सावद्याच्या हिलालशेठचं खातं मात्र वेगळं होतं. त्यांच्या केळी पिकवायच्या थंड खोल्या जळगावच्या ऑफिसातून नेटवर्कवरून चालत, आणि त्यांची वाट अजून जुन्या फायरवॉलमधूनच जात होती. ते खातं कोडला दिसत नव्हतं. ते फक्त चेलनाला उघडता यायचं.

शनिवारी दुपारी नाजमीन तिच्यापाशी आली. "ताई, माझ्या कोडला दिसत नाही असं काही मागे राहिलंय का?"

चेलना डबा उघडत होती. "काही नाही. काढून टाक." नाजमीननं त्याच दुपारी जुनी फायरवॉल डिलीट केली.

घटकाभर गोंधळ होईल, आपण तो निस्तरू, भाऊंना कळेल खरं कोण कामाचं, एवढाच तिचा हिशेब होता. पण सावद्याहून फोन आलाच नाही. धोक्याचा मेसेजही त्याच वाटेनं यायचा, हे तिला घरी गेल्यावर आठवलं. शिवाय केळी पिकवायचा गॅस एकदा सोडला की सोमवारपर्यंत त्या खोल्या कुणी उघडणार नव्हतं. रविवारभर फोन तिच्या हाताशी होता. तिनं पापड लाटले, सासूबाईंबरोबर मंदिरात जाऊन आली, आणि फोन केला नाही.

सोमवारी सकाळी खोल्या उघडल्या तेव्हा थंडावा केव्हाच बंद पडला होता आणि केळी काळी पडून गळत होती. चेलनानं चहा निवायच्या आत सावद्याची वाट नव्या फायरवॉलकडे वळवली. हिलालशेठनी फोनवरच तिचे आभार मानले.

अभयभाऊंनी दोघींना आत बोलावलं. नाजमीन म्हणाली, ताईंना विचारूनच केलं. भाऊंनी चेलनाकडे पाहिलं.

"विचारलं होतं तिनं," चेलना शांतपणे म्हणाली. "मी म्हटलं, सावद्याचं तेवढं बघून घे."

नाजमीन तिच्या तोंडाकडे बघत राहिली. चेलनाला वाटलं, आता ही भांडणार. पण पोरीनं मान खाली घातली.

"माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल, भाऊ. ताई खोटं कशाला बोलतील?"

तिला त्याच दिवशी काढलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील, असलमभाई, यंत्रमागावरची पाळी सोडून धुळ्याहून आले. भाऊंनी भेट दिली नाही, तेव्हा ते चेलनासमोर उभे राहिले. पोरीनं तुमचं नाव खराब केलं, माफ करा, म्हणाले. चेलनानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. आपण भाऊंशी बोलून पाहू, असंही सांगितलं. ती बोलली नाही.

दिवाळीच्या सुमारास नाजमीनचा फोन आला. नाशिकच्या एका कंपनीत तिचं जवळजवळ ठरलं होतं. ते लोक चौकशी करतील, तुमचं नाव देऊ का, असं तिनं विचारलं. अगदी बिनधास्त दे, चेलना म्हणाली.

नाशिकहून फोन आला तेव्हा तिनं नाजमीनचं तोंडभरून कौतुक केलं. हुशार आहे, कष्टाळू आहे, स्वभावानं गरीब आहे. मग आवाज थोडा खाली आणला.

"फक्त सांगितलेलं नीट ऐकत नाही हो. तिला डिलीट करायचं काम तेवढं देऊ नका."

पलीकडच्या माणसानं मोकळेपणानं सांगितल्याबद्दल तिचे आभार मानले. चेलनानं फोन ठेवला आणि अभयभाऊंनी नव्यानं पाठवलेल्या मुलीला हाक मारली.