वर्षातली मोठी चूक

ऑडेटने अट घातली होती ती अगदी ठणकावून. नवऱ्याच्या हौसेखातर टोरांटोचं घर सोडून नोव्हा स्कोशियाच्या या खेड्यात वर्षभर राहायचं. बागेने घराचं पोट भरलं तर ठीक, नाहीतर ऑक्टोबरात गाशा गुंडाळून परत. तिच्या नवऱ्याने, लॉर्नने, लगेच शब्द दिला. शब्दाचा पक्का माणूस, तेवढाच काय तो त्याच्यात दोष.

आता सप्टेंबर संपत आला होता आणि बागेत गुडघाभर गवत माजलं होतं. माती झाकायला गव्हाचं काड टाकायचं सोडून लॉर्नने वाळलेलं गवत अंथरलं, तेही बियांसकट! बी उगवलं, त्याच्या ओलाव्यात गोगलगायी पोसल्या आणि त्यांनी भाजी फस्त केली. गावातले लोक दर शनिवारी मिळून एकाच्या बागेत राबत. लॉर्नने शरमेने आपली पाळी दोनदा पुढे ढकलली आणि गेल्या आठवड्यात मुकाट्याने खोकी भरायला घेतली.

ऑडेटला रडूच आलं. मुलगी मारेन इथे पाच घरांत हक्काने जेवायची. ही माणसं सोडून जाणं ऑडेटच्या जिवावर आलं होतं. पण अट तिचीच, बोलणार कोणत्या तोंडाने? शेवटी तिने नवऱ्याला न विचारता सगळ्यांना शनिवारी आपल्या बागेत बोलावलं.

पंधरा माणसं आली, खुरपी आणि आपापले वाडगे घेऊन. घरधन्याने हत्याराला हात लावायचा नाही, फक्त सूप रांधायचं, ही तिथली रीत. दुपारपर्यंत गवत निघालं. खाली मिळाले मूठभर बटाटे. तेही सुपातच गेले.

जेवताना म्हातारी वेल्मा म्हणाली, "चला, वर्षातली सगळ्यात मोठी चूक कुणाची? मी पुदिना मोकळ्या जमिनीत लावला. आता तो संडासापर्यंत आलाय."

"ते काहीच नाही," गस सुतार म्हणाला. "मी गोगलगायी खायला बदकं सोडली. मेल्यांनी कोबी खाल्ला, गोगलगायींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लॉर्न, तू बोल."

"मी गवत अंथरलं," लॉर्न खाली बघत म्हणाला. "तीस गठ्ठे."

"तीस?" वेल्माला ठसका लागला. "अरे बाळा, पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं, पण चार गठ्ठ्यांत अक्कल आली मला!"

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. लॉर्न बिनविरोध जिंकला.

"जिंकणाऱ्याकडे मे महिन्यातला पहिला शनिवार," वेल्माने जाहीर केलं. "काड मी आणते. याच्यावर सोपवू नका."

लॉर्न हसता हसता थांबला. "मे महिन्यात आम्ही इथे नसू. तसं ठरलंय आमचं."

सगळे ऑडेटकडे बघायला लागले. तिचे कान तापले.

"अट मी घातली होती, मीच मोडते," ती म्हणाली. "मला नाही जायचं. खोकी रिकामी कर."

"अगं, पण बागेने आपलं पोट कुठे भरलं?"

"बागेने नाही भरलं. यांनी भरलं ना, वर्षभर?"

"मग मे महिन्यात काड विसरू नका," लॉर्न वेल्माला म्हणाला. त्याने पळी उचलली आणि वेल्माच्या वाडग्यात आणखी सूप वाढलं.