खांबेटेकाकांच्या अकरा किल्ल्या

“घर कितने दिन बंद था, भाभीजी?” रिझवीसाहेबांनी पेनाचं टोपण काढत विचारलं.

मी विनयकडे पाहिलं. उत्तर आम्ही नवराबायकोनं सकाळीच ठरवून ठेवलं होतं.

“अट्ठाईस दिन,” विनय म्हणाला.

“चौतीस,” कोपऱ्यातल्या खुर्चीवरून खांबेटेकाका म्हणाले.

रिझवीसाहेब विमा कंपनीनं पाठवलेले सर्व्हेअर. आम्ही सांगलीला गेलो असताना लखनौच्या महानगर वस्तीतल्या आमच्या घरात चोरी झाली होती. टीव्ही, व्हीसीआर, माझं शिलाई मशीन आणि सासूबाईंच्या पाटल्या, सगळं गेलं होतं. घर सलग तीस दिवसांहून जास्त बंद असेल आणि कंपनीला तसं आधी कळवलेलं नसेल, तर चोरीची भरपाई मिळत नाही, असं पॉलिसीत लिहिलेलं होतं, आणि कंपनीच्या दफ्तरी आमचं तसं पत्र नव्हतं. हे कलम आम्हाला कुणी समजावलं होतं? खांबेटेकाकांनीच.

दत्तात्रय खांबेटे हजरतगंजच्या विमा कार्यालयात सीनियर असिस्टंट होते. मूळचे चिपळूणचे, पण तीस वर्षं लखनौत काढलेली. लोक सत्यनारायणाची पोथी वाचतात तशी हा माणूस पॉलिसी वाचून दाखवायचा, एकही अध्याय न गाळता. आम्ही घर घेतलं तेव्हा तीन संध्याकाळी ते आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसले होते.

“जमिनीची किंमत धरू नका, विनयराव. जमीन जळत नाही आणि चोरीलाही जात नाही. भिंती, छप्पर पुन्हा बांधायला जेवढं लागेल तेवढंच धरा. पण त्याहून कमीही नको. अर्ध्या घराचा विमा काढलात तर नुकसान झाल्यावर भरपाईही अर्धीच मिळते.”

“काका, नुसता आगीचा काढू या ना. स्वस्तात होईल,” विनय म्हणाला.

“आग आयुष्यात एकदा लागते, नाहीतर लागतही नाही. आपण मराठी माणसं दर मे महिन्यात कुलूप लावून गावाला जातो. लखनौच्या चोरांना आपल्या शाळांच्या सुट्ट्या पाठ असतात. घरातल्या सामानाचा आणि चोरीचा काढा.”

मग त्यांनी मला दागिन्यांची यादी करायला बसवलं. “वहिनी, यादीत नाव नसेल तर ती पाटली कंपनीच्या दृष्टीनं जन्मालाच आलेली नाही.” मी हसून हसून बेजार झाले होते. पाठीमागे आम्ही त्यांना ‘कलमबहाद्दर’ म्हणायचो.

पण गावाला जाताना किल्ली मात्र सगळे त्यांच्याच हातात ठेवायचे. लखनौतल्याच कपूरथळा बाजाराच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. तिथे दाराजवळ लाकडी फळीवर अकरा खिळे होते, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. दोन-चार किल्ल्या वर्षभर तिथेच असायच्या, मे महिन्यात मात्र फळी भरून जायची. मग काका रोज संध्याकाळी चपला घालून निघायचे. या घरी तुळशीला पाणी, त्या घरी दिवा, तिसऱ्या घरी पत्रपेटी. स्वतःचं घर काही त्यांनी कधी बांधलं नाही. अकरा घरं आहेत ना, म्हणायचे.

त्या वर्षी आम्ही चाळीस दिवसांसाठी निघालो होतो. काकांनी कंपनीच्या नावे पत्र स्वतः टाइप करून आणून दिलं. “वहिनी, फक्त सही करा आणि पोस्टात टाका. घर तीस दिवसांवर बंद राहणार, एवढंच कळवायचंय.” मी ते शिलाई मशीनच्या खणात ठेवलं, बॉबिन आणि बटणांबरोबर. आणि विसरले.

चारबाग स्टेशनवर पुष्पक एक्सप्रेस सुटताना ते खिडकीशी आले. “पत्र टाकलंत ना?”

“टाकलं हो, काका! कालच टाकलं,” मी म्हणाले. चार बॅगा, पाण्याची सुरई आणि आमच्या लेकीची, अपूर्वाची भुणभुण, यात ते एक वाक्य मी माशी हाकलावी तसं बोलून गेले. त्या वेळी ते मला खोटंसुद्धा वाटलं नाही.

चौतिसाव्या दिवशी सांगलीला शेजाऱ्यांकडे फोन आला. चोरी पहिल्यांदा पाहिली ती काकांनीच. चोरांनी मशीन नेलं, पण जाताना खण तेवढा जमिनीवर पालथा केला होता. आम्ही परतलो तेव्हा काकांनी सगळी बटणं वेचून एका वाटीत भरून ठेवली होती. विनय पोलिसांशी बोलत असताना त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि घडी घातलेला कागद हातात दिला.

“हे तुमचं,” एवढंच म्हणाले.

तोच कागद माझ्या पर्समध्ये होता आणि रिझवीसाहेब समोर बसले होते. मोठा भला माणूस. लखनौचाच, त्यामुळे कुणाला खोटं पाडायचं असलं तरी आधी चहाची तारीफ करणार. ते काकांकडे वळले.

“खांबेटेसाहब, आप तो रोज़ शाम को आते थे. दो-एक रात ठहर भी गए होंगे? आप लिख दीजिए, मैं मान लूँगा.”

मी काकांकडे पाहिलं. दोन ओळी लिहिल्या की घर सलग बंद नव्हतं असं ठरून पाटल्यांची भरपाई मिळणार होती.

“आता था, साहब. तुलसी को पानी डालता था, बत्ती जलाता था. रुका नहीं.”

रिझवीसाहेबांनी सुस्कारा सोडून चौतीस लिहिलं आणि ते गेले. विनयचा चेहरा लाल झाला होता.

“काका, एवढी कलमं पाठ तुम्हाला! मग त्या पत्राचं काय झालं? कंपनीत पोचलं नाही, हे तुम्हाला कसं कळलं नाही?”

मी कपातल्या चहाकडे बघत राहिले. आता सांगतील, वाटलं.

“आवक रजिस्टर मी बघायला हवं होतं, विनयराव,” काका म्हणाले. “नाही बघितलं.”

हे खरंच होतं. का बघितलं नाही, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. वहिनींच्या शब्दावर विश्वास ठेवला म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मी, देवाशपथ सांगते, तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

क्लेम नामंजूर झाला. बातमी महाराष्ट्र मंडळात पसरायला दोन दिवस पुरले. खांबेट्यांचं आता लक्ष राहत नाही, वय झालं, असं लोक बोलू लागले. मंडळातल्या नयनाताईंनी सगळ्यांत आधी किल्ली परत नेली. “तुम्हाला उगाच त्रास कशाला,” असं गोड बोलून. मग एकेकानं नेली. विनयनंही आमची मागून आणली.

गणपतीत खांबेट्यांच्या विजयाकाकू भेटल्या. “संध्याकाळ झाली की हे चपला घालून दारात उभे राहतात गं,” त्या म्हणाल्या. “मग परत काढून ठेवतात.”

त्या दिवशी मला आरतीतलं एक अक्षर ऐकू आलं नाही. घरी येताना रिक्षात अपूर्वा म्हणाली, “मम्मी, आपने तो स्टेशन पे काका को बोला था ना, चिट्ठी डाल दी?”

नऊ वर्षांची पोर. तिनं ऐकलं होतं, लक्षातही ठेवलं होतं. आता ती माझ्याकडून काय शिकणार होती?

दिवाळीत मंडळाच्या फराळाला नयनाताई चकली मोडत म्हणाल्या, “आम्ही आता किल्ली शर्माजींकडे देतो. खांबेट्यांचा भरवसा नाही राहिला.” मी हातातली बशी खाली ठेवली.

“पत्र मी टाकलंच नव्हतं,” मी म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “आणि टाकलं म्हणून त्यांना खोटं सांगितलं होतं. त्यांना ते माहीत होतं. आजवर कुणाला बोलले नाहीत.”

विनय चिवड्याची बशी घेऊन समोरच उभा होता. तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, “अठ्ठावीस तर मीच म्हणालो होतो,” आणि विषय मिटला. आम्ही दोघं काकांकडे जाऊन माफी मागून आलो. त्यांनी आम्हाला पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख सांगितली आणि काकूंना चहा टाकायला लावला.

डिसेंबरात ते निवृत्त झाले. मे महिना आला तशी मी एकटीच त्यांच्याकडे गेले. फळीवरचे अकराही खिळे रिकामे होते. खालच्या चिठ्ठ्या मात्र तशाच होत्या, आमच्या नावाचीही.

मी किल्ली पुढे केली आणि तिच्याबरोबर पत्राची प्रत. हजरतगंजच्या कार्यालयात रांगेत उभी राहून मी ते स्वतः देऊन आले होते. खाली कंपनीचा शिक्का होता, आवक क्रमांक होता.

काकांनी चष्मा लावला. पत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं आणि शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

“पोच मी मागितली नव्हती, वहिनी.”

“म्हणून तर आणली, काका.”

धोतराच्या सोग्यानं त्यांनी आमचा खिळा पुसला, किल्ली अडकवली आणि क्षणभर बघत राहिले. मग ती पुन्हा काढून हातात घेतली आणि चपला शोधू लागले.

“अहो, त्यांची गाडी उद्याची आहे,” काकू आतून म्हणाल्या.

“माहितीय,” काका पायात चपला सरकवत म्हणाले. “कुलूप कसं लागतंय ते बघून येतो.”