पंचांगात नसलेले उपास

"कुठल्या गाइडातून उचललंस हे?" सुदेश सरांनी उत्तरपत्रिका साऱ्या वर्गाला दिसेल अशी वर धरली.

उर्वशी मागच्या बाकावरून उभी राहिली. नववीच्या चाचणीत 'फास्ट' या इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ, त्यांचे समानार्थी शब्द आणि वाक्यांत उपयोग विचारला होता. बाकीच्या पोरांनी वर्गात फळ्यावर दिलेलंच उतरवलं होतं: गाडी फास्ट धावते, आजी एकादशीला फास्ट करते. हिनं मात्र 'स्विफ्ट', 'रॅपिड' असे शब्द देऊन खाली इंग्रजीत वाक्य लिहिलं होतं, 'माझी आई पंचांगात नसलेले उपासही धरते.' चूक एकही नव्हती, आणि सरांना खटकलं ते नेमकं हेच.

"सर, गाइडातला नाय ता," ती म्हणाली. "आमच्या घरातला आसा."

वर्ग खो खो हसला. सरही हसले. मासे सुकवणाऱ्या बाईच्या पोरीला असलं वाक्य सुचतं होय! बावीस वर्षांच्या नोकरीत सरांनी नाव कमावलं होतं ते कॉपी पकडण्यात. शिकवण्याचं म्हणाल, तर ते काम गाइड करत होतं. त्यांनी लाल शाईनं शून्य काढलं आणि तालुक्याच्या इंग्रजी स्पर्धेच्या यादीतून उर्वशीचं नाव खोडून पहिल्या बाकावरच्या दिव्याचं घातलं. शाळेतून एकच नाव जायचं होतं, तेही सोमवारी.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर सर पिशवी घेऊन तिठ्यावरच्या बाजारात गेले. सुकी मासळी ते नेहमी सुगंधाकडूनच घेत. सुगंधा म्हणजे उर्वशीची आई. आज नजर चुकवून पुढं सटकावं, असा त्यांचा बेत होता.

"मास्तरानू, गोलमो नको?" तिनं हाक मारलीच.

सर ओशाळून थांबले. तिनं गोलमा, म्हणजे बारीक सुकी कोलंबी, मापानं मोजली आणि शेजारच्या ढिगातला कागद ओढला.

"सागाचं पान संपलं वाटतं?" काहीतरी बोलायचं म्हणून सर बोलले.

"पानां आसत. पण रद्दीत इंग्रजीचा जाडा पुस्तक इला हुता, ता आमच्या चेडवाक, उर्वशीक होया हुता. एकेक पान व्हाचून जपान ठेवी. म्हणान मी सागाच्या पानात बांधी. काल सगळे कागद माझ्या फुड्यात आणून टाकल्यान. म्हणता, आता व्हाचूचा नाय." सुगंधाचा आवाज चढला नाही की पडला नाही. तिनं मूठभर गोलमा वर घातला. "ह्यो मास्तरांचो. ऱ्हवांदे."

सरांनी पुडी हातात घेतली आणि डोळ्यांजवळ नेली. कागदाच्या कडेला हिरव्या शाईतलं बारीक अक्षर होतं. ते त्यांचंच होतं.

कॉलेजात इंग्रजीत पहिला आल्याबद्दल मिळालेला तो शब्दकोश. त्या वयात त्यांना शब्दांचं वेड होतं. प्रत्येक शब्दापुढं स्वतःचं वाक्य लिहायचे. दुसऱ्यांच्या बागेत काजू वेचणारी त्यांची आई भाताचं मडकं त्यांच्यापुढं सरकवायची आणि म्हणायची, "माजो आज उपास आसा." कसला उपास ते तिनं कधी सांगितलं नाही. तेव्हा पोरानं 'फास्ट'पुढं समासात इंग्रजीत लिहून ठेवलं होतं, 'माझी आई पंचांगात नसलेले उपासही धरते.'

कसर लागली म्हणून गेल्या गणपतीआधीच्या साफसफाईत तो कोश त्यांनी स्वतःच्या हातानं रद्दीत दिला होता. वाक्यही विसरले होते, आणि खरं बोलायचं तर आईलाही. ज्या पोरीला ते वाक्य आपल्या घरातलं वाटलं, तिला त्यांनी भर वर्गात चोर ठरवलं होतं. त्यांना स्वतःची किळस आली.

"सुगंधाबाई," ते कसेबसे म्हणाले, "मी..."

"घराक जावा मास्तरानू. ऊन लागात."

सोमवारी सरांनी हेडमास्तरांकडून यादी मागून घेतली आणि उर्वशीचं नाव परत घातलं. मग वर्गात जाऊन तो कागद वाचून दाखवला. सुक्या मासळीच्या वासानं पोरांनी नाकं मुरडली. "हे वाक्य माझं आहे," सर म्हणाले. "माझ्या आईवरचं. उर्वशीनं ते वाचलं, ती शिकली. शिकणं म्हणजे चोरी नव्हे. चूक माझी झाली." हे ऐकायला मागच्या बाकावर उर्वशी नव्हती. मंगळवारीही आली नाही. चूक चारचौघांत कबूल केली म्हणजे ती भरून निघते, हा सरांचा समज त्या रिकाम्या बाकाकडं बघता बघता गळून पडला. त्यांनी घरी निरोप पाठवला. उलट निरोप आला नाही.

पुढच्या शनिवारी ते बाजारात गेले. सुगंधाच्या पुढ्यात गिऱ्हाइकं होती. सर रांगेत शेवटी उभे राहिले. पोरीबद्दल विचारायला तोंड होतं कुठं? नंबर आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "एक माप."

सुगंधानं गोलमा मोजला आणि वर मूठभर घातला. बाजूला कागदांचा ढीग आज नव्हता. तिनं मागं हात घातला, सागाचं एक रुंद पान काढलं, पदरानं पुसलं आणि त्यात पुडी बांधली. "कागद चेडवान परत घेतल्यान," ती म्हणाली.

सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली.