कोठीच्या खोलीला वाट स्वयंपाकघरातून

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा, पण दोन वर्षं दोघींत विस्तव जात नव्हता. एकदा जेवताना धाकटी बोलून गेली होती, "जाऊबाईंच्या हातचं पाणीसुद्धा खारट लागतं." ती गंमत होती, पण थोरलीला झोंबायची ती झोंबलीच.

आता अडला हरी झाला होता तो धाकटीचा. कपड्यांच्या दुकानांत उभे करायचे पुतळे ती बनवायची. धंदा वाढला, तसे पुतळे तिच्या घरात जिन्यावर, न्हाणीघरात, पलंगामागे उभे राहू लागले. थोरलीच्या घरामागची कोठीची खोली मात्र, तिचा नवरा गेल्यापासून, रिकामी होती. शेवटी दिराने वहिनीकडे शब्द टाकला.

"देईन," थोरली म्हणाली, "पण कागद करून. भटाला दिली ओसरी, असं नको व्हायला."

म्हणून दोघी वकीलबाईंसमोर बसल्या, मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवून.

"भाडं ठरलंय ना?" वकीलबाईंनी विचारलं. "मग सामानाचं बोलू."

"वकीलबाई, लिहा," थोरली भिंतीकडे बघत म्हणाली. "पुतळे कपडे घातलेले असावेत. तोंडं भिंतीकडे. माझ्याकडे कुणी टक लावून बघितलेलं मला चालत नाही."

"त्यांना सांगा," धाकटी खिडकीकडे बघून म्हणाली, "निम्म्यांना डोकंच नाही."

"तरी त्यांनाही कपडे घालायचे."

वकीलबाईंनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता कलम लिहिलं. "येण्याजाण्याचा मार्ग?"

"स्वयंपाकघरातून," थोरली म्हणाली.

"मागच्या गल्लीत खोलीला स्वतंत्र दार आहे की," धाकटी म्हणाली. "टेम्पो थेट लागतो तिथे."

"ते अडकलंय."

"ह्यांना सांगते, रंधा मारून देतील."

"ते दार उघडायचं नाही, असं लिहा."

"पण का?" आता वकीलबाईंनाही राहवलं नाही.

गेलं वर्षभर थोरलीच्या घरात दिवसदिवस कुणाचं पाऊल वाजत नव्हतं. सकाळी भांडं हातातून निसटलं, तर निदान आवाज तरी झाला म्हणून तिला बरं वाटायचं. पण हे वकिलाच्या टेबलावर कोण सांगणार?

"उंदीर येतात," ती म्हणाली.

धाकटीने खिडकीवरची नजर काढली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा जावेकडे नीट बघितलं. जाऊबाई वाळल्या होत्या. ब्लाऊजच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. उंदराला भिणारी ही बाई नव्हे, हे तिला चांगलं ठाऊक होतं; लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात थोरलीने एक उंदीर शेपटीला धरून फेकलेला तिने पाहिला होता.

"चालेल," धाकटी म्हणाली. "स्वयंपाकघरातून. आणि वकीलबाई, हेही लिहा, की पुतळ्यांवरची धूळ झटकायला भाडेकरू रोज येईल."

"रोज कशाला? दिवसाआड पुरे," थोरली म्हणाली.

"धूळ फार बसते, जाऊबाई."

"माझ्या घरात? माझ्या घरात धूळ बसते म्हणतेस?"

"तुमच्या नाही, पुतळ्यांवर. तुम्ही ना, दुसऱ्याचं पुरतं ऐकूनच घेत नाही."

"आणि तू मनात ठेवायचं ते ओठांवर आणतेस."

वकीलबाईंनी लेखणी खाली ठेवली. दोघी थेट बोलताहेत हे त्या दोघींना सोडून वकीलबाईंना एकट्यांनाच कळलं होतं, आणि मध्ये तोंड घालण्याइतक्या त्या खुळ्या नव्हत्या. भांडण सामानाच्या विम्यावर गेलं, मग दिराच्या घोरण्यावर, तिथून एका जुन्या मावससासूच्या स्वभावावर. तिच्याबाबत मात्र दोघींचं पूर्ण एकमत झालं.

कागदावर सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी टेम्पो पुढच्या दाराशी थांबला. बिनडोक्याचे, एका हाताचे, फ्रॉक आणि जुने शर्ट ल्यालेले पुतळे ओट्याला वळसा घालून एकेक आत निघाले. थोरली दारात उभी राहून प्रत्येकाला वाट दाखवत होती, "जरा वाकव त्याला, शिंकाळं लागेल," असं धाकटीला म्हणत होती, आणि मध्येच एका उंच पुतळ्याचं बटण लावून देत होती.