घरचा कपॅसिटर

"मशीन नुसतं घूं करतं आणि बंद पडतं," विनया म्हणाली. "मागच्याच महिन्यात तुम्ही तो कसलासा डबा बदललात ना?"

"कपॅसिटर," ॲन्सेल्म म्हणाला.

स्टुलावर चढून त्याने खिडकीतल्या एसीचं पॅनेल काढलं. फिल्टर स्वच्छ होता, पंखा फिरत होता, कॉम्प्रेसर मात्र घुमून ट्रिप होत होता. मेन स्विच बंद करून त्याने कपॅसिटर सोडवला, मीटर लावला. ठणठणीत. वर त्याच्याच अक्षरात मार्करने लिहिलं होतं, 'घर'.

प्रत्येक पार्टवर तो ठिकाण लिहायचा. हा त्याच्या निर्मळच्या घरातल्या एसीचा. तो इथे बसवला तेव्हा एप्रिलमधला रविवार, दुकानं बंद, आणि विनयाची तान्ही मुलगी घामोळ्यांनी रडून बेजार. त्याची बायको क्लेमेंटीन हृदयाने अधू, एसी तिच्यासाठीच बसवलेला. तरी तीच म्हणाली होती, "काढून ने रे. लेकरू हाय त्यांचं. मला उद्या नवा आन."

त्याचा उद्या तीन आठवडे लांबला. सीझन होता, कारणांना काय तोटा! लोकांची घरं थंड करून तो घरी पोचेपर्यंत दुकान बंद झालेलं असे आणि ती विंझणा हलवत बसलेली. चौथ्या आठवड्यात ती गेली. एसीने फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. भला माणूस. ॲन्सेल्मला रडू तेव्हा आलं नाही, नंतरही नाही.

"कॉम्प्रेसर जाम झालाय," तो म्हणाला. "आता यावर खर्च करू नका."

"मग राहू दे. आम्ही स्प्लिटच घेतोय. हे तुम्हीच घेऊन जा."

"एवढाच नेतो." त्याने कपॅसिटर खिशात घातला.

"घरी सगळे बरे ना?" विनयाने दारात विचारलं.

"बरे."

घरी येऊन त्याने तो बसवला. दहा मिनिटांचं काम. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

संध्याकाळी सातव्या दिवसाच्या रोझरीला शेजारी जमले. प्रार्थना संपल्यावर, महिनाभर मुलीकडे राहून आजच परतलेली शेजारची म्हातारी मटिल्डा म्हणाली, "किती गार हाय रे इथं! क्लेमेंटीनला शेवटी तेवढं तरी सुख मिळालं."

"हो," ॲन्सेल्म म्हणाला.

थोड्या वेळाने मटिल्डा काकडू लागली. त्याने पलंगावरची क्लेमेंटीनची चादर उचलून तिच्या अंगावर घातली. मशीन मात्र बंद केलं नाही.